स्कूटर चालते, पण रस्त्याला लायक आहे काय?



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ सीझनची दुरुस्ती सुरू होते, हे आपण दरवर्षी पाहता. मिलचे रोलर उतरवले जातात, बेअरिंगे उघडली जातात, पंप आणि व्हॉल्व्ह तपासले जातात. मागच्या हंगामात मिल एक तासही थांबली नसली तरी हे काम चुकत नाही. बॉयलरला तर बॉयलर निरीक्षकाचा दाखला दरवर्षी घ्यावाच लागतो. त्याशिवाय अग्निप्रदीपन होत नाही. "गेल्या साली चालला होता की," हे कारण तिथे कोणी ऐकून घेत नाही.

मग आपल्या दारात उभ्या असलेल्या स्कूटरचे काय? तिच्यावर आपण स्वतः बसतो, मागे घरातील माणूस बसते, पुढे लेकरू उभे असते. तिची तपासणी कधी होते?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर गाडी आर.टी.ओ. कार्यालयात दाखवून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. मधल्या १५ वर्षांत पी.यु.सी. सोडली तर गाडीची सरकारी तपासणी नाही. आणि पी.यु.सी. म्हणजे फक्त धुराची परीक्षा. ब्रेक लागतो की नाही, हे ती सांगत नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. तिथे आज स्कूटर, मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते. त्या तपासणीत दुचाकी नापास होतात त्या सर्वांत जास्त दिव्यांच्या दोषांमुळे. ब्रेक, टायर, स्टीअरिंग आणि शॉकॲब्जॉर्बर ही बाकीची मोठी कारणे. ही यादी ध्यानात घ्या. इंजिनाच्या ताकदीला तिथे कोणी गुण देत नाही.

आमच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. ऊस नोंदणीच्या, बेणे वाटपाच्या निमित्ताने आम्ही व आमचे ॲग्री ओव्हरसिअर, चिटबॉय गावोगाव फिरतो. गाडीची गोष्ट निघाली की सभासद अभिमानाने सांगतात, "एका किकला चालू होती की! काय धाड भरलीया तिला?" गाडी चालू होणे ही झाली इंजिनाची इमानदारी. गाडी वेळेवर थांबणे आणि अंधारात दुसऱ्याला दिसणे ही गोष्ट वेगळी. प्लग खराब झाला, जेटमध्ये कचरा अडकला, एअर फिल्टर धुळीने बंद झाला, तर गाडी जागेवर उभी राहते आणि आपण मेकॅनिककडे जातो. मागचा दिवा गेला तर मात्र गाडी काहीच तक्रार करत नाही. ती तशीच पळत राहते. जे दोष गाडी बंद पाडतात ते आपला वेळ खातात. जे दोष गाडी बंद पाडत नाहीत ते जीव घेतात.

चेतकचे उदाहरण घ्या. १९७२ साली आलेली ही स्कूटर आपल्या भागात घराघरात पोहोचली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेले लोक अजून आहेत. टू-स्ट्रोक इंजिन, साधी रचना. बंद पडली तर प्लग काढून, काचकागदाने घासून, नाहीतर गाडी एका अंगावर कलती करून पुन्हा चालू. २००५-०६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी बऱ्याच गोठ्यांत ती आजही धारेला जाते. (२०२० साली त्याच नावाने आलेली विजेवरची स्कूटर वेगळी.) पण या जुन्या चेतकच्या अखेरच्या गाड्यांचीही १५ वर्षे कधीच भरली. इंजिन इमानी असले तरी पत्रा, वायर, केबल आणि रबर यांना वय चुकत नाही. २००१ साली बाजारात आलेल्या ॲक्टिव्हाच्या पहिल्या गाड्यांचीही तीच गत.

आता एकेक दोष पाहू.

दिवे

मागचा दिवा मालकाला कधीच दिसत नाही, म्हणून तोच सर्वांत जास्त काळ बंद राहतो. खडबडीत रस्त्याने बल्बची तार तुटते, होल्डर गंजतो, अर्थिंग सुटते. जुन्या स्कूटरचे दिवे मॅग्नेटोवर चालतात, त्यामुळे इंजिन हळू फिरताना ते मंद होणारच. पण बल्ब एकामागून एक उडत असतील तर नुसता बल्ब बदलू नका, रेग्युलेटर तपासून घ्या. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यावरून मागचाही लागला असेल असे धरून चालू नका. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा. भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे आणि ब्रेक दाबल्यावर तो वाढला पाहिजे. हे दोन्ही ब्रेकने करून पाहा.

आणखी एक गोष्ट. वाढ्याचा भारा मागे बांधला की दिवा, इंडिकेटर आणि नंबरपाटी, तिन्ही झाकतात. दिवा चांगला असूनही गाडी आंधळीच. शिवाय मागे वजन पडले की पुढचे तोंड वर उचलते. उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही.

ब्रेक

ड्रम ब्रेकमध्ये लायनर झिजते आणि आपण नट आवळत जातो. नट आटे संपेपर्यंत आवळला गेला तर समजावे की आता आवळण्यासारखे काही राहिले नाही, लायनर बदलायला आले. केबलची एक तार तुटली म्हणजे पुढच्या तारा तुटायच्या वाटेवर आहेत. पाटाच्या पाण्यातून किंवा चिखलातून गाडी काढली की ड्रम ओला होतो. थोडे अंतर हळू चालवून, ब्रेक हलका दाबत कोरडा करावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. पर्यंतच्या सर्व नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा ए.बी.एस. सक्तीचे झाले. ही सोय चांगली, पण केबल ढिली असेल तर तिचाही उपयोग नाही.

गिअरच्या जुन्या स्कूटरचा मागचा ब्रेक पायात असतो. पुढे पाय ठेवायच्या जागेत युरियाचे ४५ किलोचे पोते आडवे टाकले की पाय कुठे ठेवायचा? ऐनवेळी पेडल सापडत नाही.

टायर

स्कूटरचे चाक लहान. मोटारसायकलचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून जाते त्यात स्कूटरचे चाक उतरते. म्हणून स्कूटरला टायर आणि हवा यांची काळजी अधिक. टायरच्या खाचेत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपले. गाडी फार न चालवता उन्हात उभी असेल तर नक्षी शाबूत राहते, पण बाजूला भेगा पडतात. असे टायर दिसायला चांगले असले तरी धोक्याचे. उसाच्या खोडक्यांनी पडलेले चिरे बोटाने चाचपून पाहा. स्टेपनी असेल तर तिचीही हवा बघा. गरज पडेल त्याच दिवशी ती रिकामी निघते.

स्टीअरिंग आणि पत्रा

गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचे चाक उचलून धरा आणि हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मधोमध आल्यावर कट्कन अडकत असेल तर कोनसेट गेला. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा, खडखडले तर बेअरिंग किंवा बुश पाहावे लागेल. हँडल एकीकडे ओढते म्हणून तसेच दाबून धरून चालवायची सवय करून घेऊ नये.

जुन्या पत्र्याच्या स्कूटरला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. रबरी मॅटखाली पाणी साचते आणि तळ गंजतो. मॅट उचलून पेचकसाने टोचून पाहा. पेचकस आत गेला तर रंग मारून भागणार नाही.

किरकोळ समजल्या जाणाऱ्या गोष्टी

आरसे काढून ठेवलेले, हॉर्न बसलेला, सायलेन्सर फोडून आवाज वाढवलेला, नंबरपाटीवर आकड्यांऐवजी 'दादा' लिहिलेले. या गोष्टी हौसेच्या वाटतात, पण तपासणीत गाडी परत पाठवायला त्या पुरेशा आहेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरपाटी लावावयाची आहे. नोंदणीची मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी विमा आणि पी.यु.सी. चालू असली पाहिजे. तेव्हा आजच आर.सी. वरची तारीख पाहून घ्या.

हे सगळे आत्ताच का सांगायचे? कारण हंगाम. एकदा गाळप सुरू झाले की आपले रस्ते पूर्वीचे राहत नाहीत. दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालू असतात. बंद पडलेला ट्रेलर रस्त्यातच उभा राहतो. सांडलेल्या उसावरून आणि मळीवरून चाक घसरते. ताशी ४० किलोमीटर वेगाची स्कूटर एका सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचे दिसून हात ब्रेकवर जायलाच एक सेकंद लागतो आणि त्यानंतर ब्रेक लागायचा. मंद दिवा आणि झिजलेले लायनर असेल तर हे गणित सुटत नाही. उसाच्या वाहनांना रिफ्लेक्टर लावणे ही वाहनमालकांची आणि कारखान्याची जबाबदारी. पण त्या रिफ्लेक्टरवर पडायला आपल्या स्कूटरचा उजेडही हवा.

बैलजोडी होती तेव्हा बेंदराआधी आपण बैलाचे खूर, पत्री, खांदा पाहत होतो. नुसती झूल घालून आणि शिंगे रंगवून भागत नव्हते. आज दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, लिंबू बांधतो. श्रद्धेला आमची काही हरकत नाही. मात्र पूजेआधी अर्धा तास काढून पुढील तपासणी करावी:

१. पुढचा-मागचा दिवा, दोन्ही ब्रेकचा लाल दिवा, चारही इंडिकेटर.
२. दोन्ही ब्रेक, केबल आणि लायनरचा नट.
३. टायरची नक्षी, भेगा, हवा आणि स्टेपनी.
४. हँडलचा कोनसेट, चाकाचे बेअरिंग.
५. पायाखालचा पत्रा.
६. हॉर्न, आरसे, नंबरपाटी, सायलेन्सर.
७. एअर फिल्टर, प्लग आणि बिगर गिअरच्या गाडीचा बेल्ट.
८. आर.सी., विमा, पी.यु.सी. च्या तारखा.

यातले पहिले सहा आपल्या जिवाचे, सातवा गाडी बंद पडू नये यासाठी आणि आठवा कायद्याचा. क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे. जे आपल्याला जमणार नाही ते गावातील मेकॅनिककडून करून घ्यावे. दिव्याच्या बल्बला फार पैसे पडत नाहीत. चहा-भज्यात तेवढे जातात.

बैल गेला नि झोपा केला, अशी गत होऊ नये. आपला ऊस वेळेवर कारखान्यात यावा आणि तो घालणारा सभासद वजनाची पावती घेऊन धडधाकट घरी पोहोचावा, एवढीच आमची इच्छा. तरी येत्या दसऱ्याला प्रत्येक सभासदाने आपली आणि शेजाऱ्याचीही स्कूटर तपासून घ्यावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास विभाग