फुटबॉलवेड्या युनिव्हर्सिटीत कॅम्पस व्हिजिट: शनिवार की सोमवार?

आजचा एपिसोड अमेरिकेत कॉलेज निवडणाऱ्यांसाठी, आणि त्यांना गाडीतून फिरवणाऱ्या माझ्यासारख्या दादा-ताईंसाठी.

मी शिकागोत राहतो. मागच्या सप्टेंबरमध्ये मावशीचा फोन आला, "अरे, हिला जरा मिशिगन दाखवून आण, मला सुट्टी मिळत नाहीये." 'हिला' म्हणजे माझ्या मावसबहिणीला. बारावीत आहे, इंजिनीअरिंगला जायचंय. मी म्हटलं, त्यात काय, शनिवारी जाऊ, रविवारी परत. मंडळी, इथेच चुकलो. त्या शनिवारी मॅच होती.

युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन आहे ॲन आर्बरला. गावाची वस्ती साधारण सव्वा लाख. आणि तिथलं स्टेडियम, १९२७ साली सुरू झालेलं 'बिग हाऊस', त्यात जागा १,०७,६०१. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव एकाच वेळी मॅच बघायला बसेल! आणि फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नाही बरं का. हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात धरून पळतात तो.

हॉटेलचे भाव गगनाला भिडलेले. शेवटी चाळीस मिनिटं लांब एक खोली मिळाली. स्टेडियमजवळ लोक पैसे घेऊन स्वतःच्या अंगणात गाड्या लावू देत होते. सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या, सगळीकडे पिवळा आणि निळा रंग, 'गो ब्लू'च्या आरोळ्या. बहिणीने लगेच टोपी घेतली आणि म्हणाली, "दादा, ठरलं! मला इथेच यायचंय."

मी म्हटलं, "अगं, तू अजून एक वर्गसुद्धा बघितला नाहीस!"

खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. पण असे शनिवार एका सीझनमध्ये सातेक. बाकीच्या दिवसांचं काय? म्हणून मुक्काम वाढवला, तिने शाळेला दांडी मारली, मी रजा टाकली, आणि सोमवारी परत कॅम्पसवर गेलो.

सोमवारी वेगळंच चित्र. इंजिनीअरिंगचे बरेचसे वर्ग नॉर्थ कॅम्पसला आहेत, मुख्य कॅम्पसपासून बसने जावं लागतं. बस फुकट आहे, पण बसमधला एक मुलगा म्हणाला, "जानेवारीत स्टॉपवर उभी राहून बघ, मग ठरव." मग फीची चौकशी केली. मावशी इलिनॉयमध्ये राहते, म्हणजे ही मिशिगनसाठी राज्याबाहेरची. तिला लागणारी फी तिथल्या मुलांच्या तिपटीहून जास्त! टोपी डोक्यावरून मांडीवर आली. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती.

तर प्लॅनिंग कसं करायचं?

एक, आधी फुटबॉलचं वेळापत्रक बघा, मग तिकीट काढा. 'होम' मॅच म्हणजे तिथेच, 'अवे' म्हणजे बाहेर. तारखा खूप आधी कळतात, पण मॅचची वेळ टीव्हीवाल्यांमुळे कित्येकदा एक-दोन आठवडे आधीच ठरते.

दोन, मॅच बघायचीच असेल तर शुक्रवारी टूर, शनिवारी मॅच. टूरचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन आधी करा. ऑक्टोबरमध्ये छोटा फॉल ब्रेक असतो, ते दिवस टाळा, नाहीतर रिकामे वर्ग बघाल.

तीन, शिकागोहून गाडीने साधारण चार तास, पण मिशिगनचं घड्याळ एक तास पुढे. दहाची टूर असेल तर शिकागोत तेव्हा नऊ वाजलेले असतात, हे निघतानाच लक्षात घ्या.

चार, तुमचा विभाग ज्या इमारतीत आहे तिथपर्यंत स्वतः जा. तिथल्या मुलांना विचारा, जेवता कुठे, अभ्यास कुठे करता, थंडीत काय हाल होतात.

पाच, फीचा प्रश्न लाजून मागे ठेवू नका. आईबाबा तिथे नसतील तर आकडा लिहून आणा.

बहिणीने शेवटी मिशिगनला अर्ज केलाच, पण सोबत घरच्या राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयलाही. मावशीला फोनवर म्हणाली, "आई, मॅच भारी होती, पण मला आधी हिशोब दाखव."

तुम्ही जाणार असाल तर शनिवार जरूर बघा. पण ठरवा सोमवारी. चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!