तबकडी किती दूर?

क्ष-किरण विभागात हयात घालविलेल्या माणसाने स्मरणिकेत उडत्या तबकडीवर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. पण त्या विषयाची गोडी मला लागली ती माझ्याच एका चुकीनंतर.

एका शिक्षकांच्या छातीच्या फिल्मवर उजवीकडे खाली नाण्याएवढी गोल छाया दिसली. ‘गाठीची शंका’ असे लिहून मी मोकळा झालो. गृहस्थांनी चार रात्री जागून काढल्या. मुलीचे लग्न आधी उरकून घ्यावे, अशी बोलणीही घरात सुरू झाली. पाचव्या दिवशी स्तनाग्रांवर धातूच्या खुणा चिकटवून पुन्हा फिल्म काढली, तेव्हा एक खूण नेमकी त्या छायेवर येऊन बसली. गाठ वगैरे काही नव्हते! फिल्मला खोली नसते, त्वचेवरचे आणि फुफ्फुसातले तिच्यावर एकाच पातळीवर उमटते, हे विद्यार्थ्यांना शिकविणारा मीच होतो.

हाच पेच अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, मॅकमिनव्हिल गावाजवळ काढलेल्या दोन छायाचित्रांत आहे. ११ मे १९५० रोजी संध्याकाळी आपल्या शेतावर आकाशात तबकडी दिसली, असे एका शेतकरी दांपत्याने सांगितले. जूनमध्ये ती छायाचित्रे स्थानिक वृत्तपत्रात व पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकात छापली गेली. चित्रातील वस्तू डोळ्याशी सुमारे दीड अंशाचा कोन करते. ती सव्वा किलोमीटरवर असेल, तर तिचा व्यास तीसेक मीटर भरतो. पाच मीटरवर असेल, तर चहाच्या बशीएवढा. चित्र दोन्ही बाबतींत तेच!

अमेरिकन हवाई दलाने खर्च पुरविलेल्या कॉन्डन समितीसाठी विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने मूळ निगेटिव्हच्या काळेपणाचे मोजमाप केले. दूरच्या डोंगराची सावली जवळच्या झाडाच्या सावलीपेक्षा फिकी दिसते, कारण मधल्या हवेतील धूसरपणा तिच्यात मिसळतो. तबकडीची छायेतील खालची बाजू अंगणातील टाकीच्या सावलीपेक्षा फिकी भरली. त्यावरून हार्टमनने अंतर सुमारे १.३ किलोमीटर काढले; मात्र बनावटीची शक्यता त्याने नाकारली नाही. हे वाचताना मला त्याचा हेवा वाटला. आम्ही इतक्या काटेकोरपणे फिल्म कुठे पाहतो?

पुढे रॉबर्ट शेफर यांनी दोन आक्षेप घेतले. भिंगावरील मळानेही जवळची छाया फिकी होऊ शकते, हा पहिला. दुसरा अधिक बोचरा होता: गॅरेजच्या पूर्वेकडील भिंतीवर वळचणीच्या सावल्या पडलेल्या आहेत, मग ही वेळ संध्याकाळची कशी? ब्रूस मॅकाबी यांनी ढगावरून परावर्तित झालेल्या उजेडाचा दाखला देऊन दांपत्याची बाजू सावरली. २०१३ साली फ्रान्समधील अभ्यासकांनी संगणकाच्या साहाय्याने पुन्हा तपासणी करून, दोऱ्याने टांगलेली लहान प्रतिकृती, असा निष्कर्ष काढला. दोन्ही चित्रांत वस्तू विजेच्या तारांच्या खालीच दिसते, हे ध्यानात घेता माझाही कौल तिकडेच.

तरीही मन थोडे अडखळते. त्या दांपत्याने चित्रांचा बाजार मांडला नाही आणि अखेरपर्यंत आपले म्हणणे बदलले नाही. त्या संध्याकाळचे आकाश काही पुन्हा बोलाविता येत नाही. माझ्या शिक्षकांना मात्र बोलाविता आले होते. तेही चार दिवस आधी बोलाविता आले असते.