सोफ्याला मॅच होतं का?

बोरिवलीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये मी के. एच. आरांचं फुलदाणीचं चित्र फ्रेम करून लावलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, 'फुलं धड ओळखू तरी येतायत का?'

माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मग एका रविवारी टीव्ही बंद करून पाच मिनिटं नुसतं चित्र बघितलं. तुम्हीही करून बघा. फूल कोणतं, हे शोधत बसू नका. ब्रश कुठे रेंगाळलाय, कुठे सुसाट सुटलाय, ते बघा. आरा जलरंगही तैलरंगासारखे जाड लावायचे. म्हणूनच या पाकळ्या नाजूक-बिजूक नाहीत, एकमेकींना ढकलत पुढे येतायत.

आता माणूस बघा. आरा सातव्या वर्षी घरातून पळून मुंबईत आले. मोटारी धुतल्या, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. १९४२ मध्ये पहिलं प्रदर्शन, १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप! एकेकाळी दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या माणसाने फुलदाणी मात्र आपल्या मर्जीने भरली, असं मला वाटतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, 'कोंबलीयत बिचारी, तुझ्या ८.२२च्या लोकलसारखी. पण एकही मान टाकलेलं नाही बघ.'

सोफ्याचं म्हणाल, तर मॅच होत नाही. मागच्या आठवड्यात आईने सोफ्याचं कव्हर बदललं.