डिफेंडर रुसलाय? आधी विचारा, रुसवलं कोणी!

टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटीशी ढाल असते. तिच्यावर हिरवी खूण असली की आपण ढुंकूनही बघत नाही. लाल फुली दिसली की मात्र जीव टांगणीला लागतो. ढालीवर क्लिक करायचं, ‘टर्न ऑन’ दाबायचं, क्षणभर काहीतरी गोल फिरतं आणि फुली पुन्हा जागेवर हजर! विंडोजसोबत फुकट येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असा हटून बसला की घरातला सगळ्यात ‘टेक्निकल’ भाचा एकच सल्ला देतो: फॉरमॅट मार.

जरा दम धरा. डिफेंडर आपणहून बंद पडणं तसं दुर्मीळच. बहुतेक वेळा त्याला कुणीतरी ‘गप्प बस’ म्हटलेलं असतं. ते कोण, याचा माग काढायला निघालं की भलत्याच सुरस गोष्टी हाती लागतात.

एका म्यानात दोन तलवारी

पहिला संशयित बऱ्याचदा साव निघतो. संगणकात दुसरा अँटिव्हायरस असला की तो विंडोजच्या ‘सिक्युरिटी सेंटर’मध्ये स्वतःची नोंद करतो आणि डिफेंडर मुकाट बाजूला होतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइलवर तुटून पडले तर संगणक रडकुंडीला येतो. शिवाय दोघं एकमेकांवरही संशय घेतात. फेब्रुवारी २००६ मध्ये डिफेंडरच्या पूर्वावताराने चक्क सिमँटेकच्या अँटिव्हायरसलाच पासवर्ड चोरणारा ट्रोजन ठरवून त्याचे भाग उडवायची शिफारस केली होती!

महाराष्ट्रात ‘दुसरा अँटिव्हायरस’ म्हटलं की क्विक हीलचा डबा हमखास आठवतो. पुण्यात कैलास काटकरांचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहायला घेतला आणि २०१६ मध्ये ती कंपनी थेट शेअर बाजारात पोचली. असा एखादा अँटिव्हायरस मुदतीत असेल तर डिफेंडर बंद दिसणं म्हणजे सगळं आलबेल आहे. गोची होते ती अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसमुळे. नव्या लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस कंटाळून काढून टाकला, तरी त्याचे ड्रायव्हर आणि नोंदी मागे रेंगाळू शकतात. मग डिफेंडरला वाटतं, घरात अजून कुणीतरी आहे.

अशा वेळी ५७७ क्रमांकाची एरर येते. तिचा मजकूर वाचून माणूस हबकतो: फाइलची डिजिटल स्वाक्षरी पडताळता येत नाही, हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअरमधल्या बदलामुळे चुकीची फाइल बसली असेल वगैरे. प्रत्यक्षात कारण पुष्कळदा तेच, जुन्या अँटिव्हायरसचं शेपूट. बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपलाच माल मुळासकट उपटायचं वेगळं ‘रिमूव्हल टूल’ फुकट देतात. ते चालवा, संगणक रीस्टार्ट करा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, कालच्या दुखण्यासकट. खरी अंघोळ फक्त रीस्टार्टमध्ये.

आजोळ न्यूयॉर्क, पणजोळ रोमानिया

डिफेंडरचं कूळ शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये रोमानियातल्या जीकॅड या कंपनीचं अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतलं. डिसेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्कची जायंट ही छोटी कंपनी घेतली आणि जानेवारीत तिचाच माल ‘मायक्रोसॉफ्ट अँटिस्पायवेअर’ म्हणून लोकांपुढे ठेवला. तो व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला होता, म्हणजे आपल्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरायचे त्याच भाषेत! पुढे सी प्लस प्लसमध्ये पुन्हा लिहून काढला आणि २००६ मध्ये तो ‘विंडोज डिफेंडर’ झाला.

विंडोज ७ पर्यंत हा गडी फक्त स्पायवेअर पकडायचा. व्हायरससाठी २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ हे वेगळं फुकट सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवलं की जुना डिफेंडर बंद व्हायचा. म्हणजे कुणाच्या जुन्या विंडोज ७ वर डिफेंडर सुरू होत नसेल, तर आधी इसेन्शियल्स आहे का ते बघायचं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा कुठे डिफेंडर पूर्ण वाढीचा अँटिव्हायरस झाला.

राखाडी बटणाचं रहस्य

दुरुस्तीला बसलेला हौशी माणूस सरळ ‘सर्व्हिसेस’च्या यादीत जातो. तिथे डिफेंडरची सर्व्हिस शोधतो, तिच्यावर दोनदा क्लिक करतो. आणि समोर काय? ‘स्टार्ट’ राखाडी, ‘स्टॉप’ राखाडी, ‘स्टार्टअप टाइप’ही राखाडी. लगेच निष्कर्ष निघतो: व्हायरसने कब्जा केला!

तसं काही नसतं. विंडोज ८.१ मध्ये मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी ‘संरक्षित सेवा’ हा प्रकार आणला. या सेवेला हात लावायची मुभा खुद्द ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. कारण साधं आहे: ॲडमिनिस्ट्रेटर जे करू शकतो ते त्याच्या नावाने घुसलेला व्हायरसही करू शकतो. ठणठणीत संगणकावरही ही बटणं राखाडीच असतात. २०१९ मध्ये त्यावर ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ची आणखी एक कडी बसली. ती चालू असताना बाहेरच्या प्रोग्रामला रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतून, डिफेंडरची सेटिंग्ज बदलता येत नाहीत.

ही कडी लावावी लागली त्यामागेही किस्सा आहे. रजिस्ट्रीत ‘डिसेबल अँटिस्पायवेअर’ नावाची एक नोंद असायची. तिची किंमत १ केली की डिफेंडर गुडूप. ही सोय संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आणि मोठ्या कार्यालयांतल्या तंत्रज्ञांसाठी होती, पण तिचा फायदा घेतला व्हायरसवाल्यांनी. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती संगणकांवर तिला किंमत देणंच बंद केलं. इंटरनेटवरचे कितीतरी जुने व्हिडिओ मात्र आजही ती नोंद १ करा, ० करा असं ठासून सांगतात. जुन्या विंडोजवर तिचा उपयोग व्हायचा. आताच्या अपडेटेड संगणकावर नुसता व्यायाम.

‘तुमचे ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे कोण हो?

घरचा संगणक, स्वतःच्या पैशाने घेतलेला. आणि पडद्यावर सूचना: ही सेटिंग तुमचे ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतात. आता घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण यावर आधीच मतभेद असतात, त्यात ही भर!

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ठीक आहे, आयटीवाल्यांना विचारा आणि स्वतः खटपट करू नका. घरच्या संगणकावर हे दिसलं तर कुणीतरी ग्रुप पॉलिसीची (ऑफिसातल्या संगणकांना लावायच्या नियमांची) नोंद मागे ठेवून गेलंय असं समजायचं. आणि इथे आपल्याकडच्या एका उद्योगाचं नाव घ्यायलाच हवं: क्रॅक. फुकटात विंडोज किंवा ऑफिस ‘ॲक्टिव्हेट’ करून देणाऱ्या प्रोग्रामच्या सूचनांत पहिली ओळ ठरलेली असते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. चोराने घरमालकाला ‘जरा कडी काढून ठेवा, मी आलोच’ असं सांगावं आणि मालकाने वर चहा टाकावा, तसला हा प्रकार. काम झाल्यावर ती कडी परत लावायला कुणी येत नाही. ‘लाइट’ किंवा ‘गेमिंग एडिशन’ म्हणून फिरणाऱ्या विंडोजमधून तर काही वेळा डिफेंडर मुळातच कापून टाकलेला असतो. तिथे सुरू काय करणार, कपाळ? अशा संगणकापुरता भाच्याचा सल्ला बरोबर आहे. फॉरमॅटच मारा, पण विंडोज या खेपेला मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या.

डिफेंडरला गप्प करायच्या या कलेचा कळस २०२५ मध्ये झाला. ‘डिफेंडनॉट’ नावाच्या एका प्रायोगिक प्रोग्रामने सिक्युरिटी सेंटरला सांगितलं की मी अँटिव्हायरस आहे. प्रत्यक्षात आत काहीच नव्हतं, नुसती पाटी. पण पाटी पाहून डिफेंडर शिस्तीत बाजूला झाला! नंतर मायक्रोसॉफ्टने डिफेंडरला हा प्रोग्राम ओळखायला शिकवलं.

डोळे तपासणीचा तक्ता

व्हायरसने डिफेंडर पाडायची परंपरा जुनीच. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर हा तिचा उस्ताद. ज्या फटीतून तो शिरत होता, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधी, २३ ऑक्टोबरलाच दिलं होतं. पण अपडेट ‘नंतर बघू’ म्हणणारे तेव्हाही होतेच. कॉन्फिकर आत आला की विंडोज डिफेंडर बंद, विंडोज अपडेट बंद आणि वर अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट्सही उघडू द्यायचा नाही.

त्याच्या या तिसऱ्या खोडीचाच तज्ज्ञांनी मोठा झकास उपयोग केला. त्यांनी एक पान तयार केलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो तसा तक्ताच म्हणा ना. त्यावर काही चित्रं सुरक्षा कंपन्यांच्या साइटवरून येणारी आणि काही ज्यांच्याशी कॉन्फिकरचं वैर नाही अशा ठिकाणांची. दुसरी चित्रं दिसतायत पण पहिली गायब आहेत? मग संगणक बाधित. ना काही डाउनलोड, ना स्कॅन, नुसतं बघायचं. कॉन्फिकरच्या कर्त्याला पकडून देणाऱ्यासाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये अडीच लाख डॉलर्सचं बक्षीस लावलं होतं.

तक्त्याची युक्ती आजही चालते. डिफेंडर सुरू होत नाही आणि शिवाय अँटिव्हायरसच्याच साइट्स तेवढ्या उघडत नाहीत, अपडेटही होत नाही, असं एकत्र दिसलं तर संशय पक्का. मग दोन हत्यारं. एक, ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. हा स्कॅन संगणक रीस्टार्ट करून विंडोज नीट जागं व्हायच्या आतच तपासणी उरकतो, साधारण १५ मिनिटांत. उघड्या फाइल्स आधी सेव्ह करा, तो थांबून विचारत बसत नाही. दुसरं, ‘सेफ्टी स्कॅनर’. हा दुसऱ्या संगणकावर डाउनलोड करून पेनड्राइव्हवरून आणता येतो. याची गंमत म्हणजे तो दुधाच्या पिशवीसारखा मुदत घेऊन येतो, डाउनलोड केल्यापासून फक्त १० दिवस. मग नवीन घ्यायचा.

सेफ मोडमध्ये जाऊन डिफेंडर चालू करायचा प्रयत्न मात्र करू नका. तिथे तो चालतच नाही. स्नॅच नावाच्या रॅन्समवेअरने २०१९ मध्ये नेमकं हेच हेरलं. तो संगणक स्वतःच सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करायचा आणि मैदान मोकळं करून घ्यायचा.

वीस-तीस रुपयांचा गुन्हेगार

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक बारीक गोम असते. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. झेरॉक्सच्या दुकानातला संगणक सकाळी चालू करावा आणि कोपऱ्यात सन दिसावं २००९! मग सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं त्याला ‘अजून सुरूच न झालेली’ वाटतात, अपडेट अडतं आणि डिफेंडर तक्रार करत बसतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. फॉरमॅटचे पाचशे रुपये वाचले.

कधी कधी चूक त्याचीच

मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ च्या असंख्य संगणकांवर ‘लोकल सिक्युरिटी अथॉरिटी’चं (लॉगिन तपासणाऱ्या विंडोजच्या भागाचं) संरक्षण बंद असल्याचा इशारा झळकू लागला. ते चालू होतं, इशाराच खोटा होता. मे २०२१ मध्ये डिफेंडरने एका फसलेल्या अपडेटपायी स्वतःच्याच फोल्डरमध्ये हजारो बारक्या फाइल्स ओतून लोकांच्या डिस्क भरल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये एका रविवारी त्याला क्रोम ब्राउझरच व्हायरस वाटला. आणि ढाल दिसतच नाही म्हणून घाबरलेल्यांसाठी: ते चित्र दाखवणारा प्रोग्राम वेगळा, पहारा देणारा वेगळा. स्टार्टअपच्या यादीतून पहिला बंद केला तर ढाल जाते, पहारा चालूच राहतो. ‘ही विंडोज डिफेंडर लिंक उघडायला नवीन ॲप लागेल’ असा चमत्कारिक संदेशही त्याच जातीचा. बिघडलेली असते ती विंडोज सिक्युरिटीची खिडकी. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रीसेट’ दाबलं की पुष्कळदा ताळ्यावर येते.

एवढं करूनही डिफेंडर हलला नाही, तर विंडोजच्याच फाइल्स बिघडल्या असतील. त्यासाठी ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझम आणि मग एसएफसी या दोन जुन्या आज्ञा चालवायच्या. पहिली इंटरनेटवरून चांगल्या फाइल्सचा साठा नीट करते, दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या बदलते. क्रम उलटा केला तर बिघडलेल्या साठ्यातून दुरुस्ती होते, म्हणजे होत नाही.

झाला की नाही चालू?

ढाल हिरवी झाली. पण खरंच जागा आहे की नुसता डोळे उघडे ठेवून बसलाय? याची परीक्षा घ्यायची जागतिक पद्धत आहे. युरोपातल्या आयकार या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा ६८ अक्षरांचा मजकूर नोटपॅडमध्ये टाकून सेव्ह करायचा. यात विष अजिबात नाही; पण जगभरचे अँटिव्हायरस आपसांतल्या करारानुसार त्याला व्हायरस मानतात. डिफेंडर जागा असेल तर फाइल क्षणात नाहीशी होते. मजकूर हाताने टाइप करणार असाल तर तिसऱ्या अक्षराशी थबका. ते इंग्रजी ‘ओ’ आहे, शून्य नाही. शून्य टाकलं तर डिफेंडर ढिम्म हलत नाही, आणि नुकताच दुरुस्त झालेला बिचारा पुन्हा नापास ठरतो.