जर्मन पशुवाचक शब्द आणि मराठी विद्यार्थी

परकीय भाषा शिकणाऱ्यास घरातील व गोठ्यातील प्राण्यांची नावे आरंभीच शिकावी लागतात. जर्मन भाषेच्या बाबतीत हा शब्दवर्ग वाटतो तितका सामान्य नाही. नामाचे लिंग, समासघटना व क्रियापदांची निवड हे त्या भाषेचे तीनही कठीण विषय त्यात एकदम पुढे येतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून जर्मनच्या अध्ययनाचा प्रश्न शहरी महाविद्यालयांपुरता उरलेला नाही. वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव घेतले, तर तेथील शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याजवळ या कामी कोणते भांडवल आधीच असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम लिंगाचा प्रश्न घेऊ. जर्मनमध्ये प्रत्येक नामापूर्वी डेर, डी अथवा डास यांपैकी एक उपपद येते व ते अनुक्रमे पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग दर्शविते. इंग्रजीच्या द्वारे जर्मन शिकणाऱ्यास ही व्यवस्था निष्कारण लादलेली वाटते. मराठी भाषिकास तसे वाटण्याचे कारण नाही, कारण तो, ती व ते हा त्रिविध भेद त्याच्या बोलण्यात बालपणापासून रुळलेला असतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही. मराठीने ते राखले आहे.

हे साम्य पशूंच्या पिलांच्या नावांत विशेष दिसते. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू व पिलू हे सर्व शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत. जर्मनमध्येही डास काल्प म्हणजे वासरू, डास लाम् म्हणजे कोकरू, डास त्सिक्लाइन म्हणजे करडू, डास फोलन म्हणजे शिंगरू आणि डास क्यूकन म्हणजे कोंबडीचे पिलू. ‘खेन’ किंवा ‘लाइन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगी होते, हा तेथील नियमच आहे. म्हणून मांजरी ती डी काट्से आणि बोका तो डेर काटर. परंतु मांजराचे पिलू मात्र डास केट्सखेन. कुत्र्याच्या पिलाला डेर वेल्पे म्हणतात, हा ध्यानात ठेवण्याजोगा अपवाद होय.

अर्थात हे साम्य सर्वत्र टिकत नाही. घोडा मराठीत पुल्लिंगी, तर प्फेर्ट नपुंसकलिंगी. उंदीर पुल्लिंगी, तर माउस स्त्रीलिंगी. यास्तव शब्द पाठ करताना जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या लिंगांच्या दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या यादीस श्रम लागत नाहीत, ते दुसरीसाठी वाचतात.

गुरांच्या शब्दांतही सूक्ष्म भेद आढळतात. वळू व बैल यांत मराठी जो भेद करते, तोच जर्मनमध्ये डेर बुले व डेर ऑक्से यांत आहे; ऑक्से म्हणजे खच्ची केलेला बैल. कालवडीस फेर्झे हा स्वतंत्र शब्द आहे. नगरातील विद्यार्थ्यास हे अर्थ समजावून द्यावे लागतात. गोठा असलेल्या घरातील विद्यार्थ्यास केवळ नवा ध्वनी शिकावा लागतो.

माणूस व पशू यांच्यासाठी निराळे शब्द वापरण्याची प्रवृत्ती दोन्ही भाषांत आहे. स्त्री गरोदर असते, गाय गाभण असते. जर्मनमध्ये त्याचप्रमाणे अनुक्रमे श्वांगर व ट्रेख्टिख हे शब्द येतात. स्त्री बाळंत होते, गाय विते. या ठिकाणी जर्मन भाषा एक पाऊल पुढे जाते: गायीसाठी काल्बन, मेंढीसाठी लामन व कुत्रीसाठी वेर्फन अशी निरनिराळी क्रियापदे तिच्यात आहेत. खाण्याच्या क्रियेस मराठीत एकच क्रियापद पुरते. जर्मनमध्ये माणसासाठी एसन आणि जनावरासाठी फ्रेसन. माणसाच्या संबंधात फ्रेसन म्हटल्यास, कोणी जेवत असता ‘चरतो आहे’ म्हणावे तसा अपमान होतो.

मराठीच्या सवयीने होणारी एक चूकही येथे सांगितली पाहिजे. कुत्र्याला खाऊ घालणे व कुत्र्याला मदत करणे या दोन्ही ठिकाणी मराठीत ‘ला’ हाच प्रत्यय लागतो. जर्मनमध्ये फ्युटर्न, म्हणजे चारणे, या क्रियापदाचे कर्म द्वितीयेत येते: डेन हुंट. हेल्फन, म्हणजे मदत करणे, यास चतुर्थी लागते: डेम हुंट. येथे मातृभाषेचा आधार सोडून क्रियापदागणिक विभक्ती शिकावी लागते.

रोगांच्या नावांतून समासघटना उत्तम कळते. पिसाळण्याच्या रोगास टोलवूट म्हणतात. टोल म्हणजे वेडा आणि वूट म्हणजे क्रोध. लाळ्या-खुरकूत या रोगाच्या जर्मन नावात तोंड, खूर व साथ या अर्थांचे तीन शब्द एकत्र आले आहेत. मराठीने लाळेवरून व जर्मनने तोंडावरून नाव दिले. खूर मात्र दोहोंत आला. हा रोग सूक्ष्मजंतुगाळणीतूनही पार होणाऱ्या कारकामुळे होतो, हे ल्योफ्लर व फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये दाखविले. बुळकांडीचे रिंडरपेस्ट हे नाव तर इंग्रजीनेही जसेच्या तसे उचलले. त्याचा अर्थ ‘गुरांची महामारी’. या रोगाच्या संदर्भात रॉबर्ट कोख १८९७ मध्ये मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत आले होते. ती प्रयोगशाळा मूळची १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली असून १८९३ मध्ये मुक्तेश्वरास हलविण्यात आली. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये घोषित झाले.

शेवटी काही शब्दांमागील समाजस्थितीही जाणून घ्यावयास हवी. हाउसटीर हा शब्द माणसाळलेल्या सर्व प्राण्यांस लागू पडतो, परंतु व्यवहारात तो घरात हौसेने पाळलेल्या प्राण्यासाठी वापरतात. उपयोगासाठी पाळलेले जनावर ते नुट्सटीर. टीरहाइम म्हणजे निराधार प्राण्यांचे आश्रयस्थान. त्यास कोंडवाडा म्हणणे चूक, कारण कोंडवाड्यात दंडाची कल्पना आहे. पांजरपोळ हा शब्द अधिक जवळचा. कुत्रा पाळणाऱ्यास तेथील नगरपालिकेचा कर द्यावा लागतो, त्यास हुंडेश्टॉयर म्हणतात.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जऊळक्यासारख्या गावातील विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे असते, म्हणून जर्मनही त्याच्या आवाक्याबाहेरचे समजले जाते. परंतु इंग्रजीत नसलेली तीन लिंगे, गाभण व गरोदर हा भेद आणि गोठ्यातील शब्दसंपत्ती त्याजपाशी आहे. जर्मनचे पहिले पाठ त्यास थेट मराठीतून दिल्यास ही संपत्ती उपयोगी पडेल. इंग्रजीच्या मार्गाने नेल्यास ती वाया जाईल. पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांनी या दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.