गाळलेलं उटणं

पहाटे ५:३०

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले. गच्चीवर दव पडायला लागलंय, त्यामुळे वाळवण रात्री आत घ्यायचं आणि पहाटे पुन्हा बाहेर मांडायचं, हा सध्याचा व्यायाम. जुन्या धोतरावर नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गुलाबपाकळ्या आणि आंबेहळद पसरली, तीही सावलीतच. उन्हात एका दिवसात वाळतं खरं, पण वासही त्याच दिवशी उडून जातो.

आजीच्या वहीत उटण्याच्या चौदा जिनसा आहेत. सामान मी अजून रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणते. यंदा "बावची नको" म्हटल्यावर दुकानदाराने पुडी बांधता बांधता मान वर केली. "ताई, बावचीशिवाय उटणं?" त्याला म्हटलं, हो. बावचीत सोरालेन असतं. ते अंगावर राहिलं आणि वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग पडतात. कोडावरच्या औषधात हाच गुण कामी येतो, पण तिथे वैद्य समोर बसलेला असतो. अभ्यंगस्नान करून पोरं उन्हात किल्ल्यापाशी खेळायला जातात.

सकाळी ७

हाताच्या आतल्या बाजूला पेनाने काढलेलं वर्तुळ पाहिलं. रुपयाएवढ्या जागी नवीन पूड लावायची, थोड्या वेळाने धुवायची. दिवसातून दोनदा, आठवडाभर. लाली नाही, खाज नाही. अर्थात माझी कातडी गेंड्याची, तिच्या निकालाला फारशी किंमत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या एका हातावर चालू आहे. तो निकाल संध्याकाळी.

सकाळी ८:३०

घर रिकामं झालं की साबण. हे बँकेत गेले, कामाच्या बाईंना आज उशिरा बोलावलंय. कॉस्टिक सोड्याशी खेळताना दारावरची बेलसुद्धा वाजलेली मला चालत नाही. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा गाऊन. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि वर हायड्रोजन सुटतो.

आजचं माप: खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह ६००, एरंडेल १००. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, ऑलिव्हला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. बेरीज १४८.१ ग्रॅम. त्यातून आठ टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे सगळं कॉस्टिक तेलात संपतं आणि थोडं तेल साबणात शिल्लक राहतं. राहिले १३६ ग्रॅम. हे काट्यावर तोलायचं. वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. पाणी दुप्पट, २७२ ग्रॅम. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. खिडकी उघडी ठेवून थोडं थोडं सोडलं, पाणी वाफाळलं, मी तोंड फिरवून उभी राहिले. दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवला. पातळ पिठल्यासारखं झालं, वरून सोडलेली धार पृष्ठभागावर दिसत राहिली, की साच्यात ओतायचं.

रंग नाही, सुवासिक तेल नाही. संत्र्याच्या सालीचा मोह मला फार वर्षं सुटत नव्हता. पण तिच्यातलं लिमोनीन हवेत राहून बदलतं आणि मग पुष्कळांच्या कातडीला सहन होत नाही. म्हणून यंदा ती गच्चीवरही नाही.

हा साबण सहा आठवडे मांडणीवर मुरेल. दिवाळी बारा दिवसांवर, म्हणजे तो हातात येईल देवदिवाळीला. आणि तेव्हाही ज्या पोरीसाठी आज इतका खटाटोप चाललाय, तिला तो मी देणार नाही. साबण कितीही मायेने केला तरी त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, कातडीचा पाचच्या आसपास. साबणाला पाचावर आणायला जावं तर तो साबण राहतच नाही, फुटतो. 'घरगुती म्हणून सौम्य' हे मी स्वतः पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलंय. आता सांगत नाही.

सकाळी ११:३०

ओट्स. आजीच्या वहीत नसलेली एकमेव जिन्नस. मिक्सरमध्ये अगदी पिठीसाखरेसारखे बारीक दळायचे. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळलं; पाणी दुधासारखं झालं आणि तसंच राहिलं, तळाशी गाळ बसला नाही, तर जमलं. पहिला घाणा बसला, पुन्हा फिरवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये अशा बारीक ओट्सना त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली.

दुपारी १

वरण-भात, झोप.

दुपारी ३:३०

खलबत्ता, मिक्सर आणि मग मलमलीचं फडकं. नाकाला रुमाल बांधून वस्त्रगाळ करत बसले. चाळणीवर भागत नाही. नागरमोथ्याचा एक जाडा कणसुद्धा कोरड्या अंगावर काचपेपरसारखा फिरतो. फडक्यावर राहिलेला कोंडा तुळशीत.

दोन पातेली आहेत. मोठ्यात घरच्या बाकी मंडळींचं, वासाचं उटणं. लहान पातेल्यासाठी वही उघडून बसले आणि पेन्सिलने एकेक ओळ खोडत गेले. कपूरकाचरी, वाळा, गुलाब: वास, म्हणून बाद. मुलतानी माती कोरडं अंग आणखी कोरडं करते, बाद. मसूर आणि बेसनाशी थांबले. गेल्या वर्षीपर्यंत मला ही सर्वांत साधी वाटायची. पण कातडी फुटलेली असली की तिच्यावाटे आत गेलेलं अन्न शरीराला परकं वाटू शकतं. जपानमध्ये गव्हाची प्रक्रिया केलेली प्रथिनं घातलेला तोंडाचा साबण २०११ मध्ये परत मागवावा लागला. तो वापरणाऱ्या २,००० हून जास्त माणसांना गहू खाण्याचीच ॲलर्जी जडली होती. मसूर खोडला. बेसनही. मग ओट्सही खायचीच वस्तू की! खरंय. पण पोर रोज सकाळी ओट्सची खीर खाते, तिला काही होत नाही, आणि हातावरचा आठवडा आज पुरा होतोय. आजीच्या चौदापैकी एकही उरली नाही.

संध्याकाळी ६

भाची लेकीला घेऊन आली. वय सात. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत इसब. गेल्या नरक चतुर्दशीला मी स्वतःच्या हाताने, मोठ्या कौतुकाने, चौदाच्या चौदा जिनसांचं उटणं तिला चोळलं होतं. पोर बाथरूममधून रडत बाहेर आली आणि फराळाला बसलीच नाही.

"दाखव हात, मावशीआजीला." वर्तुळ स्वच्छ.

भाचीला पुन्हा सांगितलं: इसब फुललेलं असेल त्या दिवशी हेही नको, डॉक्टरांचं मलम चालूच ठेवायचं. पाणी कोमट, दहा मिनिटांच्या आत आंघोळ, अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. पूड आयत्या वेळी भिजवायची. भिजवलेली उरली तर टाकून द्यायची, फ्रीजमध्ये नाही.

"मावशी, तू हे विकत का नाहीस गं?"

"परवाना लागतो. आणि यात विकण्यासारखं आहे काय? ओट्स!"

पोरीने बरणी उघडून नाक आत घातलं. "याला दिवाळीचा वासच नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री ९:३०

साच्यावर टॉवेल गुंडाळलाय, हाताला ऊब लागते. वडी उद्या कापायची. बरणीवर चिठ्ठी लावली: फक्त ओट्स, आजची तारीख, कोरडा चमचा. मग वाळवणातली वाळ्याची एक जुडी काढून लाल दोऱ्याने बांधली. पिशवीत बरणीशेजारी ठेवली आणि भाचीसाठी कागदावर लिहिलं: बादलीत घालू नकोस. चतुर्दशीच्या पहाटे थोडी ओली कर आणि बाथरूमच्या खिडकीत, पोरीचा हात पोचणार नाही इतक्या उंच खुंटीला टांग.