सार्वजनिक वने : रक्षण आणि विहार

राज्याच्या मालकीचे वन हे अखेर लोकांचेच धन होय. ते कुलूपबंद करून ठेवावे, तर लोकांस त्याची ओळख उरत नाही. सर्वांस मोकळे सोडावे, तर थोड्याच वर्षांत रक्षण करण्याजोगे काही शिल्लक राहत नाही. ह्या दोहोंमधून मार्ग कसा काढावयाचा, हा वनव्यवस्थेपुढील एक बिकट प्रश्न आहे. जबलपूर शहर व त्याच्या आसपासची वने ह्यांचे उदाहरण घेतले असता त्याचा उलगडा करणे सोपे जाते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने सरकारी वनांचे राखीव व संरक्षित असे दोन मुख्य वर्ग मानले आहेत. राखीव वनात ज्यास परवानगी नाही ते सर्व निषिद्ध असते; संरक्षित वनात जे निषिद्ध केलेले नाही ते करण्यास सामान्यतः मोकळीक असते. परंतु हा कायदा मुख्यतः इमारती लाकूड व त्यापासूनचे उत्पन्न डोळ्यांपुढे ठेवून झालेला होता. वन्य प्राण्यांसाठी व ते पाहावयास येणाऱ्या लोकांसाठी वन राखावे, ही दृष्टी मागाहून आली. १९५५ साली कान्हा व ताडोबा ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने अस्तित्वात आली. त्या वेळी जबलपूर, मंडला आणि चांदा हे जिल्हे मध्य प्रदेश ह्या एकाच राज्यात होते व त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही भावंडे दोन राज्यांत विभागली गेली.

जबलपूरच्या विजयनगर वस्तीतील एखादे कुटुंब सुट्टीच्या दिवशी रानाची हवा खाण्यास निघाले, तर शहराच्या पूर्वेकडील डुमना येथे त्याची सोय होते. हे क्षेत्र वनखात्याचे नसून महानगरपालिकेच्या व्यवस्थेखालील आहे. सुमारे एक हजार हेक्टरांच्या ह्या रानात खंदारी तलाव आहे. शहरास पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८८३ साली त्याचा बांध घालण्यात आला. तलावाच्या पाणलोटातील झाडी जमिनीची धूप रोखते व गाळ तलावात जाऊ देत नाही. पाण्यासाठी राखलेल्या झाडीत चितळ, रानडुक्कर, साळिंदर व कोल्हे ह्यांस आश्रय मिळाला आणि नागरिकांस फिरावयास जागा मिळाली. शहराजवळचे असे रान लोकांची गर्दी बऱ्याच अंशी आपल्यावर घेते, हाही त्याचा एक उपयोग होय.

येथून दीडशेहून अधिक किलोमीटरांवर असलेल्या कान्ह्याची गोष्ट निराळी आहे. तेथील कठीण भूमीवर राहणारा बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. त्याची पाडसे पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर लवकरच जन्मतात आणि उंच गवतात लपून वाढतात. गुरांनी चरलेल्या किंवा वणव्याने जळालेल्या माळावर त्यांस आडोसा राहत नाही. १९३८ साली येथे सुमारे तीन हजार बारशिंगे असल्याची नोंद आहे. १९७० साली केवळ ६६ उरले होते. तेव्हा सुरक्षित कुंपण घालून काही प्राणी आत वाढविण्यात आले, वणव्यास अडविणाऱ्या जाळरेषा आखण्यात आल्या आणि माळावर शिरणारी झाडोऱ्याची रोपे व टणटणीसारखी तणे उपटण्यात येऊ लागली. आज ही संख्या हजाराच्या घरात गेली आहे, आणि २०१५ साली येथील काही बारशिंगे सातपुड्यातही नेऊन सोडण्यात आले.

अशा ठिकाणी प्रवाशांस प्रवेश देताना तीन मर्यादा पाळाव्या लागतात. पहिली स्थळाची : २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्राचा एकपंचमांशाहून अधिक भाग पर्यटनास देता येत नाही. दुसरी काळाची : जुलै ते सप्टेंबर ह्या महिन्यांत कान्ह्याचे दरवाजे बंद असतात. तिसरी संख्येची : प्रत्येक विभागात एका वेळी ठराविकच गाड्या जातात, त्यांच्याबरोबर वाटाड्या असतो व वाटेत कोठेही पायउतार होण्यास मनाई असते. प्रवाशास हा जाच वाटण्याचा संभव आहे. परंतु वाघ किंवा बारशिंगा पाहण्याचा आनंद ज्या निवांतपणावर अवलंबून आहे, तो ह्या मर्यादांमुळेच टिकतो.

तथापि ह्या हिशेबात एक रक्कम सहसा मांडली जात नाही. ज्या विस्तीर्ण कुरणांवर आज बारशिंगे चरताना दिसतात, त्यांपैकी पुष्कळशी कुरणे एके काळची शेते होत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून उद्यानातील गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलविण्यात आली. सौंफचे कुरण अशाच एका गावाच्या जागी आहे. ह्या गावांत बैगा व गोंड लोक राहत होते. प्रवाशाच्या डोळ्यांस सुख देणारा देखावा त्यांनी घरदार सोडल्यामुळे उभा राहिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आता ग्रामसभेच्या संमतीवाचून असे स्थलांतर करता येत नाही. प्रवेशशुल्काचा काही भाग आसपासच्या गावांस मिळावा आणि वाटाड्याचे काम तेथील तरुणांस मिळावे, ही व्यवस्था उपकाराची नसून देण्याची फेड आहे, असेच मानणे न्यायाचे होईल.

ह्यावरून वनव्यवस्थेचे एक साधे सूत्र हाती लागते. प्रत्येक वनाकडून प्रत्येक गोष्टीची अपेक्षा करू नये. शहराजवळच्या रानात लोकांनी मोकळेपणाने फिरावे. दूरच्या गाभ्यात थोड्यांनी, थोडा वेळ व नियम पाळून जावे. काही भागांत तर कोणीच जाऊ नये. जेथे आपल्यास जाता येत नाही, तेही वन आपलेच आहे आणि त्याच्या राखणीचा खर्च व त्रास कोणीतरी सोसत आहे, ही जाणीव नागरिकांत जितकी रुजेल, तितके रक्षकांचे काम हलके होईल.